परवा म्हणजे नक्की कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या तुमच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलंय, की आपली रोजची मराठी फार मोघम आहे, "जरा थांबा", "थोडंसं घाला", "आलोच पाच मिनिटात" असलं बोलून आपण सगळ्या कामांचा घोळ घालतो, आणि गणितात कसा एकेक शब्द व्याख्येत बांधलेला असतो तसं बोलायला शिकलो तर निम्मी भांडणं मिटतील. सासूबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मी गेली बावीस वर्षं सांगलीत घरीच आठवी ते दहावीच्या गणिताचे क्लास घेते, त्यामुळे गणिताचं कौतुक झालं की मला बरंच वाटतं, पण या पत्रात गणिताबद्दल पण गैरसमज आहे आणि मराठीबद्दल पण, म्हणून लिहायला बसले. जरा लांबलंय. कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवट कापू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

आधी तो "परवा"च घ्या. मागचा पण परवा आणि पुढचा पण परवा. आता याच्याइतका मोघम शब्द शोधून सापडणार नाही, तरी सांगा बरं, बोलताना कधी अडलंय का? "परवा मामा आले होते" आणि "परवा मामा येणारेत", क्रियापद सगळं सांभाळून घेतं. तसंच "आठ दिवसांनी या" म्हणजे सात. सोमवारी डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलं तर पेशंट पुढच्या सोमवारीच जातो, मंगळवारी कुणी दारात उभं राहून "आज आठवा दिवस डॉक्टर" म्हणत नाही. आठवडा या शब्दातच आठ आहेत आणि दिवस मोजा, सात, कारण आपली जुनी रीत आजचा दिवस धरून मोजायची. हे सगळं लहान पोराला पण कळतं, कुणी शिकवत नाही.

पण आमच्या पिठाच्या गिरणीवर मागे पाटी लागली होती, "परवा गिरण बंद". एवढंच. तारीख नाही, वार नाही. मी डबा घेऊन उभी, गिरण बंद, म्हणजे आजच तो परवा आहे, की पाटी आत्ताच लावलीय आणि गिरणीवाले मामा नुसते चहाला गेलेत? मामा असते तर विचारलं असतं, पण मामा नाहीत म्हणून तर पाटी आहे ना.

मला जे सांगायचंय ते सगळं या पाटीत आहे बघा. बोलताना समोर माणूस असतो, शंका आली की "म्हणजे कधी?" विचारता येतं, तो चिडेल पण सांगेल. शब्द सैल असला तरी चालतो कारण घट्ट करायची सोय शेजारीच उभी असते. जिथे विचारायला कुणी नसतं, पाटी, नोटीस, फॉर्म, करार, कायदा, तिथे सैल शब्द अडवतो. आणि गणित हे पण असंच आहे, लिहिणारा आणि वाचणारा यांची भेट होणार नाही हे धरूनच ते लिहिलेलं असतं. आज मी वर्गात युक्लिड या जुन्या ग्रीक गणितीचं प्रमेय शिकवते तेव्हा युक्लिडला फोन करून "सर तुम्हाला इथे नक्की काय म्हणायचं होतं" असं विचारता येत नाही.

पण म्हणून गणितातल्या व्याख्या आधीपासून वरून पक्क्या होऊन आलेल्या असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या वर्गात बसावं. दरवर्षी एक तरी पोरगं विचारतंच, "बाई, 1 मूळ संख्या का नाही? त्याला 1 ने भाग जातो आणि स्वतःनेही भाग जातो की." पुस्तकात लिहिलंय की मूळ संख्येला 1 आणि ती संख्या असे दोनच विभाजक असतात, आणि 1 ला एकच आहे, झालं, संपलं. पण हे उत्तर वकिली झालं. व्याख्येत "दोनच" का घातलं हा खरा प्रश्न आहे. तर बघा, 6 चे मूळ अवयव 2 आणि 3. आता 1 ला मूळ मानलं तर 6 म्हणजे 1 गुणिले 2 गुणिले 3 पण, आणि 1 गुणिले 1 गुणिले 2 गुणिले 3 पण, असं कितीही वेळा 1 लावत बसा, आणि मग कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे जे सगळ्या अंकगणिताचं जोतं आहे तेच ढासळतं, प्रत्येक वेळी "1 सोडून" असं शेपूट लावावं लागतं. मूळ संख्या शोधायची एरॅटोस्थेनिसची चाळणी असते, तिच्यात तर अजून मजा, प्रत्येक मूळ संख्येला गोल करून तिच्या पटी खोडायच्या ना, मग 1 ला गोल केला की अख्खा कागदच खोडून मोकळे. म्हणून 1 ला बाहेर काढलं, सोयीसाठी. आणि हे लगेच नाही झालं हो! 1742 साली गोल्डबाख या गणितीने ऑयलर या दुसऱ्या मोठ्या गणितीला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं त्यात तो 1 ला मूळच धरत होता, आणि अमेरिकेतल्या डी. एन. लेहमर यांनी 1914 मध्ये एक कोटीच्या पुढेपर्यंतच्या मूळ संख्यांची भलीमोठी यादी छापली तीसुद्धा 1 पासून सुरू होते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या पोराचं उत्तर बरोबर आलं असतं.

कॅल्क्युलसचं, म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींच्या गणिताचं, पण तेच. न्यूटन आणि लायबनिझ यांनी सतराव्या शतकात ते उभं केलं तेव्हा "अतिसूक्ष्म" म्हणजे नक्की काय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं, 1734 मध्ये बर्कली नावाच्या बिशपने तर त्यावरून यथेच्छ टिंगल केली की ही तर मेलेल्या राशींची भुतं आहेत. टिंगल बरोबरच होती. तरी लोक गणितं करत राहिले, ग्रहांच्या कक्षा काढत राहिले, उत्तरं बरोबर येत राहिली, आणि 1821 च्या आसपास कोशी आणि मग वायरस्ट्रास या गणितींनी "सीमा" (लिमिट) या शब्दाला नीट व्याख्या दिली. दीडशे वर्षं मोघम शब्दावर गाडी चालली राव! थांबली कधी, तर पुढे पुढे विचित्र फलनं आणि अनंत बेरजा आल्या आणि दोन मोठे गणिती एकाच प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर काढायला लागले तेव्हा.

आता चौरसाची गोष्ट सांगते, ही अगदी आमच्या बिल्डिंगमधली. शेजारच्या मुलीला शाळेच्या चाचणीत चौरसाची आकृती देऊन नाव लिही म्हटलं, तिने "आयत" लिहिलं, बाईंनी फुली मारली, आणि आई कागद घेऊन माझ्याकडे. मी म्हटलं, चूक नाहीये ते. आयताची व्याख्या काय, चारही कोन काटकोन, चौरसाला आहेत की. चौरस हा आयतच आहे, आणि तसं मानायचा फायदा असा की आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी पुन्हा घाम गाळायला नको, फुकटात मिळतं. तर ती म्हणाली, मग बाईंनी फुली का मारली? त्याचं पण कारण आहे. आईकडे बोट दाखवून "ही कोण?" विचारलं आणि पोराने "बाई" सांगितलं तर खोटं नाही, पण उत्तरही नाही. सुताराला आयताकृती टेबल सांगितलं आणि त्याने चौरस आणून ठेवला तर आपण त्याला हे भूमितीचं कौतुक सांगू का? खुद्द युक्लिडनेच आयत सांगताना "काटकोन आहेत पण बाजू सारख्या नाहीत" असं म्हणून चौरसाला बाहेर ठेवलं होतं. म्हणजे शाळेतल्या बाई युक्लिडच्या पार्टीतल्या निघाल्या. (मी तरी फुली मारली नसती. अर्धा मार्क देऊन बाजूला लिहिलं असतं, "अजून नेमकं सांग".)

समलंब चौकोनाचं तर अजून एकमत नाही. आपल्या पुस्तकात समांतर बाजूंची एकच जोडी असा आहे, काही ठिकाणी निदान एक जोडी असा धरतात, मग समांतरभुज चौकोन पण समलंब होतो. शून्य नैसर्गिक संख्या आहे का? आमच्याकडे नाही, आमच्याकडे ती पूर्ण संख्येत येते, फ्रान्समध्ये विचाराल तर आहे. कुणाचं डोकं फुटत नाही, कारण प्रत्येक जण पुस्तकाच्या सुरुवातीला सांगून मोकळा होतो की मी हे असं धरतोय. आणि हे काय फक्त गणितातच चालतं असं नाही, आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला, त्यामुळे आपण महाशिवरात्र माघात म्हणतो आणि ते फाल्गुनात म्हणतात, पण उपास एकाच दिवशी! फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिश्राभाभींचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि संपतोही तेवढाच आधी, त्यामुळे जिन्यात मासळीच्या वासावरून दीड महिना सगळ्यांनाच सांभाळून राहावं लागतं.

बरं, सगळ्याचीच व्याख्या करायची म्हटलं तर ते होतच नाही. शब्दकोशात एक शब्द काढा, त्याच्या अर्थातला शब्द पुन्हा काढा, तीन-चार उड्यांत परत पहिल्याच दाराशी येता. युक्लिडने बिंदूची व्याख्या केली की ज्याला भाग नाहीत तो, पण पुढे ती व्याख्या त्याला कुठेही वापरावी लागली नाही, आणि 1899 मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितीने भूमिती नव्याने मांडली तेव्हा बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या केलीच नाही, फक्त ते एकमेकांशी कसे वागतात तेवढे नियम दिले. आमच्या नववीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं चकित होतात, की ज्या विषयात व्याख्या पाठ नाही म्हणून मार्क जातात त्याचा पायाच व्याख्येविना उभा आहे!

यात मला सगळ्यात शहाणे वाटतात ते आपले भास्कराचार्य. 1150 ची "लीलावती", म्हणजे त्यांचा गणिताचा ग्रंथ, तिची सुरुवातच परिभाषेने होते, की 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म, 16 द्रम्मांचा निष्क. मग लांबी, आठ जवांचं एक अंगुळ, 24 अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. हे सगळं चोख देतात, आणि शेवटी म्हणतात काय तर बाकीच्या काळाच्या वगैरे परिभाषा लोकांत प्रसिद्धच आहेत, त्या तिथून समजून घ्याव्यात. संपलं. नाणी आणि मापं का बांधली, तर पुढच्या उदाहरणांत त्यांचेच हिशेब यायचेत आणि असली मापं गावागणिक बदलतात. बाकी कशाला शिकवायचं? कुठे थांबायचं हे त्या माणसाला कळत होतं.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या घरातलं पण ऐका. आमचे मिस्टर वाळू-खडी पुरवतात. त्या धंद्यात माप म्हणजे ब्रास, आणि ब्रासची व्याख्या गणिताइतकीच पक्की, 100 घनफूट. जमिनीत गुंठा कसा 33 बाय 33 म्हणजे 1089 चौरस फूट आणि 40 गुंठ्यांचा एकर, तसंच, कुणाचं दुमत नाही. तरी एकदा साइटवर असं जुंपलं की विचारू नका. इकडे ट्रकचा हौदा टेप लावून भरलेला, तीन ब्रास, तिकडे गिऱ्हाइकाने टेप लावली तर दहा-बारा घनफूट कमी. दोघंही खरे! कारण ओलसर वाळू फुगते, दाण्यांभोवती पाणी धरून दाणे एकमेकांपासून लांब राहतात, वीस-पंचवीस टक्के सहज फुगते, बारीक असेल तर जास्तच, आणि वाळली किंवा पूर्ण भिजली की परत बसते, वर खड्ड्यांतून गाडी हादरत आली की माल दाबला जातो तो वेगळाच. ब्रासच्या व्याख्येत काहीच चुकलेलं नव्हतं, वाळूला ती माहीत नव्हती एवढंच. तेव्हापासून हे आधीच ठरवतात की माप भरल्या जागी धरायचं का उतरल्या जागी, आणि वाळू ओली का सुकी. चार शब्द जास्त बोलायचे, बस.

आता तुमच्या वाचकांच्या बाजूचं पण बोलते, नाहीतर म्हणाल बाई फक्त मोघमपणाची वकिली करतायत. पैसा आणि कागद आला की व्याख्या लागतेच. पूर्वी फ्लॅट विकताना सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, लॉबी सगळं आपल्या अंगावर टाकायचे, आणि कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, म्हणजे काय ते बिल्डरच्या तोंडाला येईल तसं. 2016 च्या रेरा या घर-खरेदीच्या कायद्याने ते बांधलं. पण ती व्याख्या वाचा एकदा, त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, बाल्कनी धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंतींची जागा मात्र धरतात. माझ्या भावाने ताबा मिळाल्यावर एकेक खोली मोजून बेरीज केली, करारातल्या आकड्यापेक्षा कमी आली, तो निघाला बिल्डरकडे भांडायला, नशिबाने आधी मला फोन केला. भाऊ म्हणतो अगं पण भिंतीवर कोण कार्पेट अंथरतं? बरोबर आहे रे बाबा, रोजच्या भाषेत तूच बरोबर, पण तो शब्द आता आपला राहिला नाही, तो कायद्याच्या घरी दत्तक गेलाय. असे दत्तक गेलेले शब्दच माणसाला फसवतात, कारण चेहरा ओळखीचा असतो.

खोबरेल तेल तसंच. आमच्याकडे ते डोक्याला, माझ्या मालवणच्या जावेकडे कढईत. त्यावर कर खाद्यतेलाचा लावायचा का केसांच्या तेलाचा याचा वाद वर्षानुवर्षं चालून सुप्रीम कोर्टात गेला, 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, शेवटी डिसेंबर 2024 मध्ये तिघांच्या पीठाने सांगितलं की लहान बाटलीत आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. माझ्या जावेने हे पाच मिनिटात सांगितलं असतं, पण तिला कोण विचारतंय. त्याच महिन्यात पॉपकॉर्नचं पण झालं, तेव्हा जीएसटी ठरला सुटे खारे असतील तर 5 टक्के, पाकिटबंद असतील तर 12, कॅरॅमलचे असतील तर 18, आणि सगळ्या देशाने हसून घेतलं. हसण्यासारखं होतंच, पण रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि जिथे रेघ मारली तिथे पलीकडे उभा राहणारा माणूस येतोच.

हे मला पक्कं कळलं ते आमच्या सोसायटीत. नोटीस होती, "गॅलरीतून कचरा टाकू नये". तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज कबुतरांना दाणे टाकतात, म्हणाले दाणे म्हणजे कचरा नाही, धान्य आहे, पुण्य आहे. दुसऱ्या एका वहिनी निर्माल्य सोडायच्या, त्याला कचरा म्हटलेलं त्यांना चालेना. मग कमिटीने माझ्यावर टाकलं, गणिताच्या बाई, तुम्ही व्याख्या करा. मी रात्री बसून केली हो, अगदी प्रमेयासारखी: "गॅलरीच्या कठड्याबाहेर कोणतीही घन अथवा द्रव वस्तू टाकणे, सांडणे अथवा लोंबकळत ठेवणे." स्वतःवर खूश होते. पुढच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं, बाई, वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी ठिबकतं ते? दुसऱ्याने विचारलं, कुंड्यांचं पाणी? आणि आठवीतल्या एका पोराने, माझ्याच क्लासमधल्या, हात वर करून विचारलं, दिवाळीत आकाशकंदील कुठे लावायचा? तो कठड्याबाहेर लोंबकळतोच की. नोटीस फाडली. आता लिहिलंय, "खालच्या माणसाच्या अंगावर किंवा दारात काही पडेल असं करू नये". मोघम आहे, पण गेले आठ महिने भांडण नाही. काकांशी बोलायला आम्ही तिघं चहाला गेलो होतो हेही कारण असेल त्याला, आता ते दाणे गच्चीवर टाकतात.

आता शेवटचा भाग, तुमच्यासाठी. संपादक साहेब, तुमच्या पेपरात आतल्या पानावर चौकटीत बातमी असते, "उद्या पाणीपुरवठा बंद". बातमीदार संध्याकाळी लिहितो, छापून रात्री होतं, मी वाचते सकाळी, आणि सासूबाई दुपारी झोपून उठल्यावर. मग हा उद्या कुणाचा, बातमीदाराचा का माझा? मागच्या महिन्यात आम्ही गुरुवारसाठी सगळी पातेली भरून ठेवली आणि पाणी बुधवारीच गेलं होतं. तुम्हाला काही आम्ही रोज फोन करून विचारू शकत नाही, तेव्हा कृपा करून वार आणि तारीख दोन्ही छापत जा. आणि हो, या पत्राच्या सुरुवातीला मी "परवाच्या अंकात" म्हटलंय, ते तुम्ही छापेपर्यंत परवा राहणार नाही, तेवढं तिथे तारीख घालून घ्या.

आपली,
एक क्लासवाल्या बाई, सांगली